तारीख बघा, मग कागद वाचा

गेल्या अंकात दुसऱ्याच एका प्रश्नाच्या ओघात मी लिहून गेलो होतो की, अमेरिकेतलं १८६१ ते १८६५चं यादवी युद्ध, म्हणजे संघराज्यातून फुटून निघालेली दक्षिणेकडची राज्यं विरुद्ध उत्तर, हे गुलामगिरीवरून झालं. वाक्य अर्ध्या ओळीचं होतं, त्यावर आलेली पत्रं मात्र एका टाचणीत मावेनात. काहींनी दाद दिली आहे, बरेच जण रागावले आहेत. एकांनी तर ‘इतिहासाचे निवृत्त शिक्षक इतकं सोपं करून सांगतात, तर पोरांचं काय झालं असेल’ असं विचारलं आहे. त्यांना पहिल्याच उत्तरात कबुली मिळेल. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

माझा भाचा अटलांटात असतो. त्याचे शेजारी सांगतात की युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी आणि आयात जकातीवरून झालं, गुलामगिरी हे उत्तरेने नंतर जोडलेलं निमित्त. आमच्या कॉलेजच्या पुस्तकातही जवळपास तसंच होतं. तुम्ही एवढ्या ठामपणे कसं लिहिता?
— एक निवृत्त बँक अधिकारी

कारण एके काळी याच्या उलटं मी तेवढ्याच ठामपणे शिकवत होतो. एकवीस वर्षं. फळ्यावर कारणं लिहायचो : एक, राज्यांचे हक्क, दोन, जकात, तीन, उत्तर-दक्षिण अर्थव्यवस्थांमधला फरक, आणि खाली, जागा उरली तर, गुलामगिरी. मुलं पाठ करायची, मी पैकीच्या पैकी गुण द्यायचो. निवृत्तीनंतर लेकीकडे व्हर्जिनियात तीन महिने राहिलो. तिथल्या वाचनालयात फुटून निघालेल्या राज्यांची स्वतःची निवेदनं एका पातळ पुस्तिकेत छापलेली सापडली. कुणा प्राध्यापकाचं भाष्य नाही, काही नाही, नुसते त्या वेळचे कागद. दुपारी वाचून संपली. संध्याकाळी लेकीने विचारलं, ‘बाबा, बरं वाटत नाही का?’

साउथ कॅरोलिना २० डिसेंबर १८६० रोजी सर्वांत आधी बाहेर पडलं आणि चार दिवसांनी त्याने आपली कारणं जाहीर केली. तक्रार काय, तर उत्तरेकडची राज्यं पळून आलेले गुलाम परत देत नाहीत, उलट ते द्यावे लागू नयेत म्हणून आपापले कायदे करतात. न्यूयॉर्क तर मालकाला आपला गुलाम बरोबर घेऊन त्या राज्यातून जाऊही देत नाही. आता सांगा, राज्याचा हक्क इथे कोण बजावत होतं? न्यूयॉर्क! आणि साउथ कॅरोलिनाला तोच हक्क खुपत होता.

१८५०चा पळपुट्या गुलामांचा कायदा वाचला तर हे आणखी उघड होतं. तो दक्षिणेच्या आग्रहाने झालेला केंद्र सरकारचा कायदा. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नसे. निवाडा करणाऱ्या आयुक्ताची फी कायद्यातच ठरलेली : माणसाला मालकाच्या हवाली केलं तर १० डॉलर, सोडून दिलं तर ५. म्हणे कागदपत्रांचं काम जास्त पडतं! शिवाय रस्त्यावरच्या कुणाही नागरिकाला ‘चल, धरायला मदत कर’ असं फर्मावता येई. केंद्र सरकारचा हात एवढा लांब त्याआधी क्वचितच पोहोचला असेल, आणि तो लांब केला होता राज्यांच्या हक्कांचे कैवारी म्हणवणाऱ्यांनी.

मिसिसिपीने आडपडदाच ठेवला नाही. जानेवारी १८६१मधल्या त्यांच्या निवेदनात अगदी सुरुवातीलाच लिहिलं आहे की, आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी, जगातल्या सर्वांत मोठ्या भौतिक हितसंबंधाशी, पूर्णपणे जोडलेली आहे. मार्च १८६१मध्ये फुटीरांनी आपली नवी राज्यघटना केली. तीत गुलामांवरची मालकी हिरावणारा कायदा करायला त्यांच्या काँग्रेसला, म्हणजे संसदेला, बंदी घातली आणि गुलामांसह कुठल्याही राज्यात जाण्याचा हक्क नागरिकांना दिला. म्हणजे उद्या एखाद्या फुटीर राज्याने ठरवलं असतं की आमच्या हद्दीत गुलाम आणायचे नाहीत, तरी ती सोय नव्हती. त्याच महिन्याच्या २१ तारखेला त्यांचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स सव्हाना शहरात म्हणाले की, आमच्या नव्या सरकारची कोनशिला हीच : काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी ही त्याची स्वाभाविक अवस्था आहे. हे स्टीव्हन्स लक्षात ठेवा, पुढे पुन्हा भेटतील.

जकातीचं म्हणाल तर १८५७मध्ये दर उतरवले होते, तेही दक्षिणेच्या मतांनी. वाढीव जकातीचा कायदा मार्च १८६१मध्ये झाला, म्हणजे सात राज्यं निघून गेल्यावर. त्यांचे सिनेटर जागा सोडून गेले नसते तर तो तिथे अडला असता. साउथ कॅरोलिनाच्या कारणांच्या निवेदनात जकातीचं गाऱ्हाणं नाही. न्यायाने सांगायचं तर त्याच अधिवेशनाने आणखी एक आवाहन काढलं आणि त्यात करांबद्दल भरपूर कुरकूर आहे. पण ते आवाहन कुणाला उद्देशून? शीर्षकातच लिहिलं आहे, ‘गुलाम बाळगणाऱ्या राज्यांना’.

मग भांडण नेमकं त्याच वेळी का पेटलं? १८६०च्या जनगणनेत गुलाम होते ३९ लाख ५३ हजार ७६०. साउथ कॅरोलिना आणि मिसिसिपीत निम्म्याहून जास्त लोकसंख्या गुलाम होती. मालकांच्या हिशेबात या माणसांची किंमत देशातल्या सगळ्या रेल्वे आणि कारखान्यांत गुंतलेल्या भांडवलापेक्षा जास्त भरत होती. सरकी काढायचं यंत्र १७९०च्या दशकात आलं, तेव्हापासून कापूस पश्चिमेकडे सरकत गेला आणि त्याच्यामागे साखळीने बांधलेल्या माणसांचे तांडे. देशाच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा होता. सगळा प्रश्न नव्या प्रदेशांचा होता : तिथे गुलाम न्यायचे की नाही? १८२०मध्ये नकाशावर रेघ मारून तो मिटवला, १८५४मध्ये कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने ती रेघ पुसली, आणि १८५७मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की काँग्रेसला अशी रेघ मारताच येत नव्हती, आणि काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही. १८६०ला अब्राहम लिंकन अध्यक्ष म्हणून निवडून आला तो ‘नव्या प्रदेशांत गुलामगिरी नको’ एवढ्याच मुद्द्यावर. जुन्या राज्यांतल्या गुलामगिरीला हात लावणार नाही, हे तो कंठशोष करून सांगत होता. पण वाढ थांबली की मरण ठरलेलं, हे मळेवाल्यांना त्याच्याइतकंच कळत होतं.

लिंकननेच लिहिलं आहे ना, की एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचणार असेल तर मी तसं करीन? मग त्याला मुक्तिदाता का म्हणायचं?
— पदवीच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

लिहिलं आहे, २२ ऑगस्ट १८६२ रोजी, संपादक होरेस ग्रीली यांना. पण बाळ, त्याच्या बरोबर एक महिना आधी, २२ जुलैला, त्याने मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता. परराष्ट्रमंत्री स्यूअर्ड म्हणाला, सध्या आपण मार खातोय, आत्ता काढला तर बुडत्याची हाक वाटेल. एखादा विजय मिळू दे. म्हणून तो कागद बाजूला ठेवला होता. ग्रीलीला लिहिलेलं पत्र हे मत कमी आणि जमिनीची मशागत जास्त. सप्टेंबरात, विजय म्हणता येईल अशी, अँटिएटमची लढाई झाली आणि पाच दिवसांत प्राथमिक जाहीरनामा निघाला. १ जानेवारी १८६३ला तो लागू झाला, पण फक्त बंडखोर भागांत. केंटकी, मिसुरी, मेरीलँड, डेलावेअर ही गुलाम बाळगूनही संघराज्यात राहिलेली राज्यं त्यातून वगळली होती.

पण ‘मुक्तिदाता कोण’ या प्रश्नाचं उत्तर मला वॉशिंग्टनमध्ये नाही, फोर्ट मन्रोला मिळालं. लेकीच्या घरापासून मोटारीने तासाभराच्या अंतरावर चेसापीक उपसागराच्या तोंडाशी हा दगडी किल्ला आहे, भोवती पाण्याचा खंदक. २३ मे १८६१, ज्या दिवशी व्हर्जिनियाच्या मतदारांनी फुटून निघण्यावर शिक्कामोर्तब केलं, त्याच रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउन्सेंड हे तिघे गुलाम एका होडीतून पाणी ओलांडून या किल्ल्यावर आले. पलीकडे त्यांना फुटीर सैन्याचा तोफखाना बांधायला जुंपलं होतं. किल्ल्यावर जनरल बेंजामिन बटलर नुकताच हजर झाला होता, पेशाने वकील. दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस पांढरं निशाण घेऊन आला : १८५०च्या कायद्याप्रमाणे आमचे गुलाम परत द्या. बटलर म्हणाला, तुम्ही तर आता परका देश झालात ना? परक्या देशाला हा कायदा लागू नाही. आणि गुलाम ही मालमत्ता आहे असं तुम्हीच म्हणता. शत्रू जी मालमत्ता युद्धासाठी वापरतो ती जप्त करता येते.

युक्तिवाद कुत्सित आहे, कारण माणसाला मालमत्ता मानूनच तो सोडवतो. पण बातमी वाऱ्यासारखी पसरली. दोन महिन्यांत किल्ल्यावर आलेल्यांची संख्या नऊशेच्या घरात गेली, त्यात बायका, म्हातारे, पाठीवर बांधलेली पोरं. त्यांना परत पाठवायचं की नाही हे वॉशिंग्टनला ठरवावंच लागलं. लिंकनच्या जाहीरनाम्याच्या दीड वर्ष आधी त्या तिघांनी होडी पाण्यात घातली होती. पुढे एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास काळे सैनिक उत्तरेच्या सैन्यात लढले. सुरुवातीला त्यांना महिना १० डॉलर आणि त्यातून कपड्यांचे ३ कापून, तर गोऱ्याला १३. मॅसॅच्युसेट्सच्या ५४व्या पलटणीने कमी पगार घ्यायलाच नकार दिला आणि महिनोन्‌महिने बिनपगारी लढली.

फोर्ट मन्रोच्या त्याच टोकावर १६१९मध्ये ‘विसाहून काही अधिक’ आफ्रिकी माणसं जहाजातून उतरवून विकली गेली होती. व्हर्जिनियातली ती पहिली. मी तिथल्या कठड्यावर बराच वेळ बसलो. जावई गाडीत वाट बघत होता, त्याला फार वाऱ्यात उभं राहवत नाही.

दक्षिणेतल्या बहुतेक गोऱ्यांकडे एकही गुलाम नव्हता असं म्हणतात. मग ते कशासाठी मेले?
— शेतकरी वाचक

साधारण चारातलं एक कुटुंब गुलाम बाळगणारं होतं. मिसिसिपी, साउथ कॅरोलिनात निम्म्याजवळ. बाकीच्यांना उद्या आपलेही दोन-चार होतील ही आशा होती, आणि आज काही नसलं तरी आपण कुणाच्या तरी वर आहोत हा दिलासा होता. शिवाय घरावर चालून आलेल्या फौजेशी माणूस लढतोच, आणि १८६२पासून सक्तीची भरतीही होती. त्याच वर्षी नियम निघाला : वीस गुलाम असलेल्या मळ्यामागे एका गोऱ्याला लष्करातून सूट. ‘युद्ध श्रीमंतांचं, लढाई गरिबांची’ ही कुरकूर तेव्हाचीच, आणि ती उत्तरेतही होती, कारण तिथे ३०० डॉलर भरले की नाव वगळलं जाई. दोन्हीकडचे मिळून किमान ६ लाख २० हजार मेले. अलीकडचे अंदाज साडेसात लाखांपर्यंत जातात. त्यात गोळीपेक्षा हगवण आणि तापाने मेलेले जास्त.

सुटका झाली, पण पदरात काय पडलं? जमीन मिळाली का?
— चळवळीत काम करणारी एक वाचक

नुकसानभरपाई मिळाली, पण कुणाला ते वाचा. एप्रिल १८६२मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधली गुलामगिरी संपवली, तेव्हा सरकारने दर गुलामामागे ३०० डॉलरपर्यंत रक्कम मालकांना दिली. राबलेल्यांना काही नाही.

जमिनीची गोष्ट जास्त दुखते. १२ जानेवारी १८६५ रोजी सव्हानात उत्तरेचा जनरल शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी वीस काळ्या धर्मोपदेशकांना बोलावून विचारलं, तुम्हाला काय हवं? त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझर बोलले. ६७ वर्षांचे, स्वतःची सुटका स्वतः पैसे मोजून विकत घेतलेले. म्हणाले, जमीन द्या, ती आमच्या कष्टाने कसू आणि स्वतःला सांभाळू. चार दिवसांनी शर्मनचा हुकूम निघाला : साउथ कॅरोलिना ते फ्लोरिडा किनाऱ्यालगतची बेटं आणि भातखाचरं या लोकांना, कुटुंबाला ४० एकरांपर्यंत. लोकांनी पेरण्या केल्या. एप्रिलमध्ये लिंकनचा खून झाला. अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सनने जुन्या मालकांना माफी दिली आणि शरद ऋतूपर्यंत जमिनीही परत द्यायला लावल्या.

ऑक्टोबरात हे सांगायला सरकारच्या वतीने जनरल हॉवर्ड त्यांपैकी एडिस्टो बेटावर गेला. जुन्या मालकांना क्षमा करा, म्हणाला. बेटावरच्या तिघांच्या समितीने त्याला लेखी उत्तर पाठवलं. त्यातला आशय असा : ज्याने मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडं करून चाबकाने फोडलं, आणि आता जो मला जमीन मिळू नये म्हणून इतरांशी संधान बांधतो, कारण माझी जमीन असेल तर मी त्याच्या वाऱ्यालाही उभा राहणार नाही हे तो जाणून आहे, त्या माणसाला मला नीट क्षमा करता येत नाही. मळे, पीक, मजुरी यांचं सगळं राजकारण त्या एका वाक्यात आहे. पुढे हे लोक त्याच जमिनींवर अर्धेलीने राबले, दुकानाचं देणं डोक्यावर घेऊन.

तेराव्या घटनादुरुस्तीने डिसेंबर १८६५मध्ये गुलामगिरी देशभर संपवली, पण ‘गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल तर सोडून’ अशी फट ठेवून. त्या फटीतून काय काय शिरलं! दक्षिणेतल्या राज्यांनी बेकार फिरणं हाच काळ्या माणसाचा गुन्हा ठरवला, दंड भरता आला नाही की त्याला कामाला जुंपलं, आणि पुढे कैदी खाणी-मळ्यांना भाड्याने दिले.

मात्र ‘काहीच मिळालं नाही’ असं लिहिलंत तर मी भांडेन. चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्व आणि पंधराव्या दुरुस्तीने पुरुषांना मत मिळालं. रॉबर्ट स्मॉल्सचंच बघा. चार्ल्सटनमधला गुलाम, ‘प्लँटर’ नावाच्या फुटीरांच्या बोटीवर सुकाणू धरणारा. १३ मे १८६२च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपायला गेलेले असताना त्याने बोट सुरू केली, वाटेत आपल्या बायकामुलांना घेतलं, डोक्यावर कप्तानाची गवती टोपी चढवली, किल्ल्यांपुढून जाताना ठरलेली शिटी वाजवली आणि तोफांसकट बोट उत्तरेच्या आरमाराच्या ताब्यात दिली. पुढे ब्यूफर्टमध्ये तो ज्या घराच्या आवारात गुलाम म्हणून जन्मला होता ते घरच त्याने विकत घेतलं आणि पाच वेळा काँग्रेसवर निवडून गेला.

१८७७मध्ये केंद्राने दक्षिणेतल्या राजधान्यांतलं लष्कर मागे घेतलं आणि हे दिवस सरले. लुइझियानात १८९६ला १ लाख ३० हजारांवर काळे मतदार नोंदलेले होते. साक्षरता, मालमत्ता यांच्या नव्या अटी आल्यावर १९०४ला राहिले १,३४२. ही मतं परत मिळायला १९६५चा मतदान हक्कांचा कायदा यावा लागला.

पुतळे पाडून इतिहास बदलतो का?
— ज्येष्ठ नागरिक

नाही. उभारूनही बदलू नये, पण बदलतो, हे मी स्वतःवरून सांगतो. रिचमंडमधला जनरल लीचा, म्हणजे फुटीरांच्या सेनापतीचा, पुतळा १८९०चा, युद्ध संपल्यावर पंचवीस वर्षांनी बसवलेला. असे बहुतेक पुतळे याच काळात किंवा त्यानंतर आले, काळ्यांची मतं काढून घेतली जात होती तेव्हा. खुद्द लीने १८६९मध्ये गेटिसबर्गच्या रणभूमीवर स्मारक उभारण्याच्या बेतावर कळवलं होतं की युद्धाच्या जखमा उघड्या ठेवू नयेत, हे बरं. त्याचं कुणी ऐकलं नाही. ८ सप्टेंबर २०२१ला तो पुतळा उतरवला.

दगडापेक्षा कागदाने जास्त काम केलं. ते स्टीव्हन्स आठवतात? १८६१मध्ये कोनशिला गुलामगिरीची म्हणणारे? युद्ध हरल्यावर त्यांनी दोन जाडजूड खंड लिहून सांगितलं की भांडण राज्यघटनेच्या अर्थाचं होतं, राज्यांच्या हक्कांचं होतं. माणूस तोच, मध्ये फक्त पराभव. दक्षिणेतल्या सैनिकांच्या लेकी-नातींच्या संघटनेने, १८९४ला स्थापन झालेल्या, ही बाजू शाळांमध्ये नेली. १९२०च्या सुमाराला तिकडे शाळांना मार्गदर्शिका वाटली गेली : दक्षिण गुलाम राखण्यासाठी लढली असं जे पुस्तक म्हणतं ते नाकारा. ही मांडणी पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकांतून पुस्तकांत उतरत राहिली, आणि तशाच वळणाच्या एका पुस्तकावरून मी फळ्यावर कारणं लिहीत होतो. माझ्या तेव्हाच्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर चौथं कारण पहिलं करून घ्यावं. गुण कापणार नाही.

घरात पैज लागली आहे. या युद्धाचं शेवटचं पेन्शन कधीपर्यंत चालू होतं? मुलगा म्हणतो १९५०, मी म्हणते १९७०.
— एक गृहिणी

दोघेही हरलात. २०२०. नॉर्थ कॅरोलिनातला एक सैनिक आधी फुटीरांकडून लढत होता. १८६३मध्ये, गेटिसबर्गच्या आधी, तो पळाला आणि पुढे उत्तरेच्या पलटणीत भरती झाला, म्हणून पेन्शनला पात्र ठरला. म्हातारपणी त्याने दुसरं लग्न केलं आणि १९३०मध्ये, तो ८३ वर्षांचा असताना, त्याला मुलगी झाली. ती आजारी आणि परावलंबी असल्याने वडिलांचं पेन्शन तिला मिळत राहिलं, महिना ७३ डॉलर १३ सेंट. मे २०२०मध्ये नव्वदाव्या वर्षी ती वारली, तेव्हा खातं बंद झालं.